बिननावाचे दगड

केंटकीच्या डोंगरातून ओहायोला कामाला गेलेली माणसं मे महिन्यात एकदा थडग्यांवर फुलं वाहायला येत. थडग्यांवर नुसते ओबडधोबड दगड. कुठल्या दगडाखाली कोण, हे एकट्या हर्शेल आजोबांनाच ठाऊक.

"आजोबा, आमची आजी कुठंय?" गाडीतून उतरलेल्या एका पोरीनं विचारलं.

त्यांनी ओकच्या झाडाखालचा दगड दाखवला. पोरगी त्याला कवटाळून ढसाढसा रडली. "पुढच्या वर्षी मुलांनाही आणते," म्हणाली आणि गेली.

आजोबा मटकन खाली बसले. "अल्टा, मला काहीच आठवत नाही गं. सांगून टाकू का?"

"मग इकडं फिरकेल कोण?" बायको म्हणाली. तेवढ्यात पायथ्याशी दुसरी गाडी वळली. "उठा. ओकखालचा देऊन झालाय. यांना कुंपणाजवळचा दाखवा."