खिडकीकडची बाही

“या वेळी किती दिवस?” बायकोने पिशवी पलंगावर ओढत विचारलं.

“बारा.”

बारा म्हणजे चार शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर. सव्वीस वर्षं ट्रकवाल्याशी संसार केलेल्या बाईला यापुढे काही विचारावं लागत नव्हतं. कपडे गडद रंगाचे, म्हणजे ग्रीसचे डाग लपतात. पँट कमरेला सैल, कारण दिवसभर बसून पोट फुगतं. टॉवेल पातळ, केबिनमधल्या दोरीवर तासाभरात वाळणारा. प्रत्येक कपड्याची घट्ट गुंडाळी. घड्या घालतात ती सहलीला जाणारी माणसं, असं तिचं ठाम मत होतं. आणि पांढऱ्या रंगाला पिशवीत मज्जाव.

तो स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. फार दमला होता बिचारा. ट्रकने तो कधी असा दमला नव्हता, खोटं बोलून दमला होता.

तीन महिन्यांपूर्वी तपासणीत त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. मालक भला माणूस, त्याने घरी न बसवता डेपोच्या फाटकावर बसवलं. डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने जेमतेम अर्धा तास. पण बायको चारचौघांत “आमचे हे दोन-दोन हजार किलोमीटर मारून येतात” असं कौतुकाने सांगायची. तिला कोणत्या तोंडाने सांगणार? मग बारा दिवस तो पहारेकऱ्याच्या खोलीत बाकड्यावर झोपायचा आणि तेराव्या दिवशी लांबून आल्यासारखा घरी यायचा. निघण्याआधी आठवणीने बाह्यांना ग्रीस आणि धूळ चोळायचा. त्या बाकड्याने पाठीची पार वाट लावली होती, पण ते सांगायची सोय नव्हती.

पँटी, स्वेटर, टॉवेल आणि शर्टांच्या तीन गुंडाळ्या पिशवीत गेल्या. चौथ्या शर्टासाठी बायकोने कपाट उघडलं आणि लेकीच्या लग्नात एकदाच घातलेला पांढरा शर्ट बाहेर काढला. इस्त्रीचा. त्याची तिने गुंडाळी केली नाही.

“अगं, हा कशाला? मळेल की.”

“फाटकावर बसून कशाने मळेल?”

नाडी हातातच राहिली.

“कोणी सांगितलं तुला?”

“तुमच्या बाह्यांनी. इतकी वर्षं धुतेय मी त्या. खिडकीकडची बाही काळीकुट्ट असते, दुसरी बरी असते. आता तीन खेपा दोन्ही सारख्याच माखलेल्या. गेल्या आठवड्यात बस पकडून डेपोवर गेले. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं तुम्हाला. पाठ धरून बसला होतात.”

“लाज वाटली गं,” तो कसंबसं म्हणाला.

तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. तिने पिशवीतले शर्ट काढले, पँटी काढल्या, स्वेटर काढला, टॉवेल काढला. सगळं कपाटात ठेवलं. पांढरा शर्ट त्याच्या हातात दिला. मग स्वयंपाकघरातून डबा आणून तेवढाच त्या मोठ्या रिकाम्या पिशवीत ठेवला.

“संध्याकाळी डबा घरी आणा,” ती म्हणाली. “धुवायचा असतो तो.”