आखणीची बैठक

चंद्रावतीनं प्लास्टिकचं स्टूल गणपतीसमोर ठेवलं आणि सरळ त्यावर बसली. शेजारच्या बायांचे ब्रश हातातच राहिले. जोह्याच्या त्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारं माणूस आजवर जमिनीवर मांडी घालूनच बसत आलं होतं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पितांबर कुणीही रंगवतं, डोळे मात्र एकाच हाताचे. गेली सव्वीस वर्षं तो हात चंद्रावतीचा होता.

आता देव खाली पाटावर आणि बाई वर स्टुलावर. मालक हैबतराव आले, बघितलं आणि लालबुंद झाले.

"चंद्रावती, उतर खाली. देवाच्या डोक्यावर बसतेस व्हय?"

"मला कुठं बसायचंय डोक्यावर, शेट? देवालाच वर घ्या. ते पॅकिंगचं टेबल हाय ना, त्यावर ठेवा. देव माझ्यापेक्षा उंच रायला म्हणजे झालं."

हे काही तिला एकाएकी सुचलं नव्हतं. गुडघे दोन वर्षांपासून बोलत होते. मांडी मोडायची तर दोन बायांनी काखेत हात घालून उठवावं लागे, आणि उठल्यावर कंबर सरळ व्हायला आणखी पाच मिनिटं. हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही सांधे बदलून टाकू, मग मांडी कायमची बंद. मुलगा प्रणित तर तारीख घ्यायलाच निघाला होता. चंद्रावतीनं त्याला थांबवलं आणि एकटी एसटीनं पेणला गेली, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. तिथली अफशा रोह्याची पोर, वय पंचवीस-सव्वीस. तिनं चालवून बघितलं, गुडघे दाबून बघितले, एक्स-रेचे फोटो उजेडात धरून बघितले. मग आजवर कुणीच न विचारलेली गोष्ट विचारली.

"काकी, दिवसभर बसता कशा?"

चंद्रावतीनं दवाखान्याच्या लादीवर बसून दाखवलं. मांडी, पाठीला बाक, हनुवटी छातीला.

"आठ तास अशा?" अफशानं कपाळाला हात लावला. "ऑपरेशनची घाई नका करू. गुडघे अजून एवढे गेलेले नायत. व्यायाम शिकवते, शेक घ्या, दोन महिन्यांत फरक पडेल. पण ही बैठक सोडा. नायतर माझ्याकडं येऊन काय उपयोग नाय."

दोन महिने चंद्रावती रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पाय दाबत होती, उचलत होती, दहापर्यंत मोजत होती. शेजारणी म्हणाल्या, म्हातारपणी कवायत लागली हिला. लागू दे. एसटीची पायरी ती आता कुणाचा हात न धरता चढत होती. मग श्रावण आला, आखणी सुरू झाली, ती पुन्हा जमिनीवर बसली आणि चार दिवसांत गुडघे टम्म सुजले. पाचव्या दिवशी तिनं घरून स्टूल आणलं.

"टेबलबिबल काय नाय," हैबतराव म्हणाले. "आखणी खाली बसून, वाकूनच करायची. या कारखान्याची रीत हाय ती. देवाला नजर देताना माणसानं नमलेलंच पायजे. माझ्या आयशीकडं बघ."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. तिथं खुर्चीत धोंडुबाई बसली होती. हैबतरावांची आई, नव्वदीला टेकलेली. चंद्रावतीच्या आधी चाळीस वर्षं आखणी तिनंच केली. आता तिची पाठ अशी वाकली होती, की समोरच्याचं तोंड बघायलाही तिला मान तिरकी करावी लागे. देवासमोर वाकून वाकून आयशीची पाठ तशीच रायली, असं हैबतराव येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाइकं तिच्या पाया पडत.

"जमत नसेल तर आजपासून उंदीर रंगव," हैबतराव म्हणाले. "आखणी दुसरीला देतो."

उंदीर नव्या पोरींना देतात, हात बसावा म्हणून. चंद्रावतीला ते फार लागलं. डोळे भरून आले, पण ती स्टुलावरून हलली नाही.

"उंदीर रंगवणार नाय. गुडघे कापून घेणार नाय. आन आखणी पण सोडणार नाय. शेट, सव्वीस वर्षं मी याला डोळे दिले. याला दिसतंय माझं काय होतंय ते. टेबलावर बसायला याची ना असेल, तर यानं सांगावं. तुम्ही नका सांगू."

हैबतरावांनी दाराकडं मोठ्यानं हाक दिली. "आये, तूच सांग हिला. आखणी कशी करायची?"

धोंडुबाई उठली. काठी टेकत हळूहळू आत आली. तिनं मान तिरकी करून स्टूल बघितलं, चंद्रावतीचे सुजलेले गुडघे बघितले. मग टेबलाची कड घट्ट धरली, होती नव्हती ती ताकद लावून मान आणखी वळवली आणि वर बघितलं. कारखान्याची ही शेड पाच वर्षांपूर्वी झाली होती, त्याआधी काम घराच्या पडवीत चाले. दहा फुटी मूर्ती उभी राहावी म्हणून हैबतरावांनी पत्रे वीस फुटांवर घेतले होते. म्हातारीनं ते आज पहिल्यांदा बघितले आणि बराच वेळ बघत राहिली.

"हैबत, देवाला टेबलावर ठेव."

"आये, पण आपली रीत?"

"रीत कसली रे? तवा आपली पडवी ठेंगणी होती. देव वर ठेवला का त्याचा मुकुट वाशाला लागायचा, म्हणून मी वाकले."