हिरवा दिवा

मुतारीवरचा दिवा हिरवा लागला आणि बंदरावरच्या दवाखान्यातल्या तांडेल सिस्टर हातातला चहा टाकून धावत सुटल्या.

ही नवी मुतारी प्रत्येकाची लघवी जागच्या जागी तपासायची आणि नशा आढळली की क्रेनकडे जाणारं फाटक उघडायचीच नाही. क्रेनवाल्या जितेशच्या वेळी रोज लाल दिवा लागायचा. चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून डॉक्टरांनी त्याला दिलेली गोळी तिला नशाच वाटायची. मग सिस्टर त्याचा नमुना दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रात घालत, ते औषधच असल्याची खात्री करत आणि मुतारीला चार शिव्या हासडून स्वतः फाटक उघडून देत.

आज त्याच्या वेळी हिरवा दिवा लागून फाटक आपसूक उघडलं होतं. जितेश ऐटीत निघाला होता.

"बघा सिस्टर, शेवटी शहाणी झाली तुमची मुतारी!"

"ती कसली शहाणी होतेय! बहिणीच्या लग्नाला गेलास तो चार दिवसांनी उगवलास. गोळ्या घेतल्यास का तिथे?"

जितेशने जीभ चावली. गोळ्यांची डबी हळदीच्या सामानात कुठेतरी राहून गेली होती.

"मेल्या, लोकांच्या डोक्यावरून एवढाले कंटेनर नेणार, आणि मन अजून वरातीत! चल, फीर मागे. आज माझ्यासमोर बसून राहायचं."

दुसऱ्या दिवशी मुतारीने लाल दिवा लावून "नशा, नशा" अशी बोंब ठोकली, तेव्हा कुठे सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.