कोल्ह्यानं नेलेला कोंबडा

शेजारच्या दगडूभावजींच्या उकिरड्यावर माझ्या कोंबड्याची तांबडी पिसं सापडली. तो पहाटे आरवून झोप मोडतो, ही त्यांची रोजची कुरकुर. जाब विचारला, तर दात कोरत म्हणाले, "मोकळा हिंडायचा ना, वहिनी? कोल्ह्यानं नेला असेल."

मी भांडले नाही. कोंबडा गेल्यावरही आठवडाभर कोंबड्या घालतात त्या अंड्यांत त्याचा जीव असतो. ती सगळी अंडी मी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवली. बारा पिल्लांत सात नर निघाले. खुराडं हलवून भावजींच्या उशाकडच्या भिंतीला लावलं.

पाच महिन्यांनी सातांनाही कंठ फुटला, त्याला आठवडा झाला. आज भावजी तांबारलेल्या डोळ्यांनी दारात आले. "वहिनी, पाया पडतो, एक-दोन तरी कापा."

"मी कशाला कापू, भावजी? येईल की तुमचा कोल्हा. तोवर झोपा निवांत."