मागच्या सीटवर

आईला केमोसाठी न्यायचं, म्हणून त्याने गाडीला महागातले, मऊ शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून घेतले. तरी प्रत्येक खड्ड्याला ती मागच्या सीटवर कळवळायचीच. "गाडी चालवतोस की जात्यात भरडतोस रे मला?"

तो तणतणत गॅरेजात गेला. मेकॅनिक स्वतः मागे बसून एक चक्कर मारून आला. "लोण्यासारखी चालतेय की, साहेब! मागे बसतं कोण?"

"आई."

"वजन?"

"एका हाताने उचलून बसवतो तिला."

मेकॅनिकचा आवाज उतरला. "शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगलेच आहेत. पण दबायला त्यांना वजन लागतं. डिकीत वाळूचं एक पोतं टाका."

पुढच्या खेपेला आई हॉस्पिटलपर्यंत हूं की चूं न करता आली. उतरताना खुशीत म्हणाली, "आज कशी अलगद आणलीस! आता दर वेळी अशीच आण."

"आणीन की," तो म्हणाला.

आत नर्सने नेहमीप्रमाणे तिला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा पाहून तो बाहेर आला आणि वाळूचं आणखी एक पोतं आणायला गेला.