एकट्याला पेलेल असा

"हे एवढंसं खेळणं गळ्यात अडकवून गेलो, तर गिऱ्हाईक विचारेल, फोटोग्राफर कधी येणार आहे?" नवरा म्हणाला आणि छोटा कॅमेरा त्याने काउंटरवर परत ठेवला.

दुकानदार हसला. तीही हसली, पण तिची नजर त्या छोट्या कॅमेऱ्यावरच होती. आज हा कॅमेरा घेतला नाही, तर उद्या परगावच्या कामाला तो जुनंच धूड नेणार, आणि मग पुढचे सगळे महिने तेच. आजच घ्यायला हवा होता. काहीही करून.

धूड म्हणजे त्याचा डीएसएलआर. विटेएवढी बॉडी, तीन जाडजूड लेन्स, फ्लॅश, स्टँड, बॅटऱ्या. हा सगळा पसारा दोन बॅगांत कोंबायचा. एक त्याच्या खांद्यावर, एक तिच्या. समारंभ असो की कंपनीची बैठक, तो पुढे आणि ती मागे. लोक कौतुकाने त्यांना जोडगोळी म्हणायचे. तिला एकटीला कुणी कधी बघितलंच नव्हतं. तिचा फोनसुद्धा त्याच्याच खिशात असायचा, धंद्याचे फोन त्यावर यायचे म्हणून. बहिणीच्या बाळंतपणाला ती सकाळी गेली, तर संध्याकाळी हा न्यायला हजर. "मला हिच्याशिवाय करमतच नाही," तो चारचौघांत सांगायचा, आणि बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या.

पण आता त्याचा खांदा कामातून गेला होता. तिचंही डावं मनगट गेल्या वर्षी मोडलं होतं. जिन्यावरून पडली, हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या समारंभात तर त्याच्या हातून लेन्स निसटली आणि पाहुण्यांच्या देखत फुटली.

"डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?" ती हळूच म्हणाली. "खांदा कायमचा आखडला तर?"

"डॉक्टरला काय जातंय सांगायला!"

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने बोलणं थांबवलं. निर्णय त्याचाच वाटला पाहिजे, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं. मग तिने बॅगेतून जुना मोठा कॅमेरा काढून मुद्दामच त्याच्या दुखऱ्या हाताकडे पुढे केला. तो घेताना त्याचं तोंड कडू झालं.

दुकानदाराने संधी साधली. "साहेब, यात आरसा नाही, म्हणून अंग लहान. फोटो तितकाच स्वच्छ. दोन छोट्या लेन्स घ्या, एक जवळची, एक लांबची. सगळं एका पिशवीत. एकट्याला पेलेल."

"एकट्याला?" नवऱ्याने छोटा कॅमेरा पुन्हा हातात घेतला, डोळ्याला लावला आणि तिच्यावर रोखला. ती लगेच हसली. फोटोत हसायची तिला सवय होती.

"येतोय तर बरा," तो पुटपुटला. तिचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात दुकानदारानेच घोळ घातला. "मी तर म्हणतो, जोडीच न्या. एक तुम्हाला, एक वहिनींना. दोघं दोन बाजूंनी काढाल."

नवऱ्याने वळून तिच्याकडे पाहिलं. कल्पना त्याला आवडलेली दिसत होती.

"छे हो, मला कुठलं जमायचं!" ती घाईघाईने म्हणाली. "माझा हात थरथरतो. एक फोटो धड यायचा नाही, आणि लोकांपुढे यांची शोभा होईल."

शोभेचं मात्र त्याला तत्काळ पटलं. "हिला राहू द्या. एकच द्या. आणि हे जुनं सगळं बदल्यात घेऊन टाका."

तिने लगेच आपल्या खांद्यावरची बॅग काउंटरवर ठेवली.

"म्हणजे वहिनींना आता कायमची सुट्टी!" खोकं बांधता बांधता दुकानदार म्हणाला.

नवरा खो खो हसला. "खरंच की! तुझं काय काम उरलं गं आता?"

तिचे डोळे भरून आले. दुकानदार ओशाळला. इतकी वर्षं ओझं वाहिलेल्या बाईला असं बोलायला नको होतं, असं वाटून त्याने लेन्स पुसायचं एक मऊ फडकं वर फुकट दिलं, तेही तिच्या हातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा निघाला. एकच पिशवी, तीही अर्धी रिकामी.

"मी येऊ का हो?" तिने दारात विचारलं. "घरी एकटी काय करू?"

"तिथे येऊन तरी काय करणार? उगाच लटांबर." तिचा फोन खिशात आहे ना, हे त्याने चाचपून बघितलं. "परवा येतोच मी. दुपारी शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर फोन करीन. घरातच राहा."

"बरं."

तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती खिडकीत उभी होती. त्याने मागे वळून बघितलं, तिने हात हलवला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिला मागे ठेवून गेला होता. ती पदरात तोंड खुपसून पोटभर रडली.

दुपारी ठरल्याप्रमाणे काकूंचा फोन वाजला. "आहे की, घरातच आहे," काकू म्हणाल्या. "डोकं दुखतंय म्हणून पडलीये. उठवू का? बरं, राहू दे." फोन बंद करून त्यांनी बसच्या खिडकीतून आत हात घातला आणि तिचा हात घट्ट दाबला. "कुठे उतरणार ते मलासुद्धा सांगू नकोस, पोरी. म्हणजे त्याने मलाही मारलं, तरी माझ्याकडे सांगायला काही नसेल."