विष्णुपंतांची खुर्ची

अंबरनाथच्या कॉलनीत विष्णुपंत म्हणजे बसले की बसले! कंपनीचे मोठे साहेब घरी आले, तरी ते खुर्चीतून उठले नव्हते. ब्याण्णव साली लेक उमा पीएच.डी. होऊन घरी आली.

"शोधलंस तरी काय?"

"जागचं हलायला जड का जातं ते, बाबा. आपण हललो की गुरुत्वलहरी निघतात, विश्वभर जातात. त्याच आपल्याला अडवत असाव्यात, असं माझं म्हणणं."

"मी नुसता उठलो तरी?"

"तरी. पण लहर इतकी बारीक, की कुणाला पत्ताही लागायचा नाही."

उमा नमस्काराला वाकणार, तोच विष्णुपंत खुर्चीचे हात धरून ताठ उभे राहिले.

"अहो, गुडघे!" बायको ओरडली.

"राहू देत गुडघे. लागू दे पत्ता, सगळ्या विश्वाला!"